पुदिना: कुठला, कशासाठी आणि किती

'पुदिन्याचे फायदे' असं मोबाईलवर टाकलं की भली मोठी यादी येते, पचन सुधारतं, डोकेदुखी थांबते, सर्दी मोकळी होते, वजन उतरतं, चेहरा उजळतो, आणि या याद्यांमध्ये एक घोळ ठरलेला असतो. अभ्यास झालेले असतात बहुतेक पेपरमिंटच्या तेलावर आणि वर फोटो असतो आपल्या मंडईतल्या पुदिन्याच्या जुडीचा. दोन्ही झाडं एकाच घराण्यातली आहेत पण आतला माल वेगळा, त्यामुळे एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात आणि मग लोक जेवणात चटणी वाढवून पोटाचा जुना आजार जायची वाट बघत बसतात.

म्हणून आधी ओळख, मग थोडा इतिहास, मग कुंडी, मग किचन आणि त्यानंतर तब्येतीचं. घाई असेल तर मधलं सोडून थेट पायरी ५ वर गेलात तरी चालेल, फक्त पायरी १ वाचून जा, नाहीतर पुढचं लागणार नाही.

पायरी १: हातात कुठला पुदिना आहे ते बघा

भाजीवाल्या मावशी कोथिंबिरीच्या शेजारी जो ठेवतात तो बहुतेक वेळा स्पिअरमिंट, शास्त्रीय नाव मेंथा स्पिकाटा. काडी बोटांत धरून फिरवून बघा, गोल फिरत नाही, चार कडा लागतात. हे चौकोनी खोड तुळशीलाही असतं कारण दोघं एकाच कुळातले. पान जवळजवळ थेट खोडाला चिकटलेलं, देठ असलाच तर नावाला, कडेला करवतीसारखे दाते, रंग उजळ हिरवा. पेपरमिंटच्या पानाला मात्र नीट दिसेल एवढा देठ असतो, पान गडद आणि खोड बऱ्याचदा जांभळट.

दिसण्यावरून खात्री नाही झाली तर चावून बघा. मंडईतलं पान चावलं की वास छान येतो, थोडा गोडसर, ताजा, पण तोंडाने श्वास आत ओढला तर घशात गारठा फारसा जाणवत नाही. पेपरमिंटचं पान चावून तसाच श्वास घेतला की घसा गार पडतो. हा गारठा मेंथॉलचा, म्हणजे तेलातल्या थंडावा देणाऱ्या रसायनाचा. स्पिअरमिंटमध्ये मेंथॉल अगदी थोडं, त्याचा मुख्य वास कार्व्होन नावाच्या रसायनाचा. आणि इथे एक गंमत आहे बरं का, हेच कार्व्होन बाळंतशेपामध्येही असतं, रेणू तोच पण आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा, तेवढ्यावरून एकाला पुदिन्याचा वास येतो आणि दुसऱ्याला शेपूचा. आपलं नाक डावा-उजवा फरक ओळखतं.

तिसरा भाऊ म्हणजे जपानी पुदिना, मेंथा आर्व्हेन्सिस. हा जेवणात येत नाही, पण याच्या तेलात ७०-८० टक्के मेंथॉल असतं आणि बाम, टूथपेस्ट, खोकल्याच्या गोळ्या, पानातला थंडावा, हे सगळं जास्तकरून याच्या जिवावर चालतं. म्हणजे तुमच्या घरात तीनही पुदिने असू शकतात, एक फ्रिजमध्ये, एक औषधांच्या डब्यात आणि एक बाथरूममध्ये.

पायरी २: इतिहास, पण कामापुरता

जुन्यात जुनी प्रसिद्ध गोष्ट ग्रीकांची. मिंथी नावाची एक अप्सरा, तिच्यावर पाताळाचा राजा हेडीसचं मन गेलं, त्याची बायको पर्सेफोनीने ते ओळखलं आणि तिला पायाखाली तुडवून झुडूप करून टाकलं. पुढे तुडवलं की वास येतो म्हणून ती लक्षात राहते, अशी ती कथा. खरं तर यात वनस्पतीशास्त्र बरोबर आहे, कारण पुदिन्याचं तेल पानाच्या आत खोल नसतं, पृष्ठभागावरच्या बारीक बारीक ग्रंथींमध्ये असतं, त्या फुटल्या की वास सुटतो. ही गोष्ट पुढे चहा करताना कामाला येणार आहे.

बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात पुदिना, शेपू आणि जिऱ्याचा दशांश देणाऱ्यांवर येशूने ताशेरे ओढलेत, म्हणजे तेव्हा पुदिना घरोघरी होता आणि त्याचा दहावा हिस्सा मोजून देण्याएवढे काटेकोर लोकही होते. हा सगळा जुना पुदिना, पेपरमिंट नव्हे. पेपरमिंट त्यामानाने अगदी अलीकडचं पोर आहे. स्पिअरमिंट आणि पाणथळ जागी वाढणारा वॉटरमिंट यांचा संकर होऊन ते तयार झालं, आणि इंग्लंडमध्ये हर्टफर्डशर परगण्यात सापडलेल्या या झाडाची नोंद जॉन रे या निसर्गअभ्यासकाने १६९६ मध्ये केली. १७२१ मध्ये ते लंडनच्या अधिकृत औषधकोशात गेलं आणि १८व्या शतकात लंडनजवळच्या मिचम गावी त्याची शेती उभी राहिली. संकर असल्याने पेपरमिंटला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही, ते काडीनेच वाढवावं लागतं. ऑनलाईन 'पेपरमिंट सीड्स' म्हणून पाकिटं मिळतात ना, त्यांचं काय करायचं ते यावरून ठरवा.

मेंथॉल वेगळं केल्याची नोंद १७७१ मधली, नेदरलँड्समधल्या लायडनचे डॉक्टर गाऊबियस यांची. पण मोठा धंदा केला जपानने, होक्काइडो बेटावरचं कितामी हे गाव १९३०च्या दशकाच्या शेवटी जगातल्या सुमारे ७० टक्के मेंथॉलचा पुरवठा करत होतं. दुसऱ्या महायुद्धाने ते बसलं.

मग आपण. १९५०च्या दशकात जपानी पुदिना भारतात आणून लावायला सुरुवात झाली आणि पुढे लखनौच्या सीमॅप या सरकारी संशोधन संस्थेने शिवालिक, कोसी, सिम-क्रांती अशा जाती शेतकऱ्यांपर्यंत नेल्या. उत्तर प्रदेशात बाराबंकी, रामपूर, बदायूं, संभल हा सगळा पट्टा मेंथाचा, म्हणजे याच जपानी पुदिन्याचा. आलू किंवा गहू निघाला की आणि भात लागायच्या आधी, त्या मधल्या मोकळ्या महिन्यांत हे पीक बसतं, जानेवारी ते एप्रिलमध्ये लावणी, मे-जूनमध्ये पावसाच्या तोंडावर कापणी, शेताच्या कडेलाच टाकीत वाफेवर तेल काढायचं, ते डब्यात भरून घरात ठेवायचं आणि भाव चढला की विकायचं. मेंथा तेलाचे वायदे एमसीएक्स या कमोडिटी बाजारात चालतात. जगात या तेलाचा सगळ्यात मोठा उत्पादक आज भारत आहे, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र मेंथा म्हटलं तर कमोडिटीवाला सोडून कोणाच्या फारसं लक्षात येत नाही.

मुंबईत पारशी घरांत चहात पुदिना आणि गवती चहा घालायची पद्धत आहे, पारशी चोय म्हणतात, आणि पात्रानी मच्छीच्या (केळीच्या पानात वाफवलेल्या मासळीच्या) हिरव्या चटणीतही पुदिना असतो. मोरोक्कोत ग्रीन टी, भरपूर साखर आणि स्पिअरमिंटची मूठभर पानं. आपला मराठी स्वयंपाक पुदिन्याच्या बाबतीत थोडा हात आखडता घेतो, मठ्ठा, चटणी, भेळ-पाणीपुरी आणि बिर्याणी इथवरच. काही बिघडत नाही, पण मठ्ठ्यात मात्र हवाच.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, अमृतधारा. २०व्या शतकाच्या सुरुवातीला लाहोरच्या पंडित ठाकूर दत्त शर्मांनी हे औषध घरोघरी पोचवलं. काष्ठौषधीच्या दुकानात आजही पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर असे तीन घन पदार्थ मिळतात. तिन्ही कोरडे, खडे नाहीतर स्फटिक. ते एका बाटलीत एकत्र टाकून बूच लावून हलवत राहिलं की बघता बघता कडा ओल्या होतात, मग खडे एकमेकांना चिकटतात आणि शेवटी पाण्यासारखं पातळ तेल तयार होतं, एक थेंब बाहेरून न घालता, हीच अमृतधारा. जादू नाही, मिश्रणाचा वितळबिंदू खाली येतो एवढंच. इथलं 'पुदिन्याचं फूल' म्हणजे फूल नव्हे, मेंथॉलचे स्फटिक. आणि कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून ही बाटली असेल घरात तर उंच कपाटात ठेवा आणि मुलांना साखरेवर थेंब वगैरे देऊ नका, आजीने दिला असला तरी.

पायरी ३: कुंडीत लावा, बी न विकत घेता

मंडईतून जुडी आणा, त्यातल्या जाड, ताठ, निरोगी चार-पाच काड्या बाजूला काढा, ज्यांची खालची टोकं काळी पडलेली नाहीत अशा. प्रत्येक काडी साधारण वीतभर ठेवा आणि खाली पेराच्या लगेच खालून कापा, मुळं फुटतात ती पेरापाशी. वरची चार-सहा पानं सोडून बाकी खुडून टाका (ती चटणीत), आणि पेल्यात दोन इंच पाणी घालून खिडकीत ठेवा, थेट उन्हात नको. पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठवडा-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसायला लागतात, ती बोटाच्या पेराएवढी झाली की लावा. फार दिवस पाण्यातच ठेवली तर मातीत गेल्यावर झाड रुसतं.

कुंडी खोल नको, पसरट हवी. पुदिन्याची धावती खोडं मातीच्या अगदी वरच्या थरात आडवी पळतात, म्हणून जुना टब, थर्माकोलचा मासळीचा खोका, रुंद ट्रे, काहीही चालेल, फक्त खाली भोकं पाहिजेत. माती निम्मी, उरलेल्या निम्म्यात अर्धं शेणखत किंवा गांडूळखत आणि अर्धं कोकोपीट. जमिनीत थेट लावायचा विचार असेल तर जपून, दोन पावसाळ्यांत शेजारच्या वाफ्यात शिरतो, म्हणून बूड कापलेल्या बादलीत लावून बादली जमिनीत पुरतात ते शहाणपणाचं.

ऊन सकाळचं तीन-चार तास पुरे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली द्यावीच लागते, नाहीतर पानं जाड आणि छोटी होतात, कडा करपतात. कोकणात उलट त्रास, पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, कुंडी कौलाच्या किंवा शेडच्या आडोशाला घ्या आणि वरची माती जरा सुकल्याशिवाय पाणी घालू नका.

कापणी हे खरं कौशल्य. पानं एकेक खुडत बसू नका, त्याने काडी लांबट आणि बोडकी होते. काडी पेराच्या वर कापा, त्या पेरातून दोन फांद्या फुटतात, आणि अशी दर दोन-तीन आठवड्यांनी छाटणी केली की कुंडी गच्च भरते. कळ्या आल्या तर लगेच काढा, फुलल्यावर पानांची चव उतरते. सकाळी ऊन तापायच्या आत कापलेला पुदिना जास्त वासाचा असतो. वर्षातून एकदा सगळं उपटून, जुनी लाकडी खोडं फेकून, कोवळे धुमारे नव्या मातीत लावायचे. हे नाही केलं तर दुसऱ्या वर्षी मधोमध टक्कल पडतं आणि सगळा पुदिना कुंडीच्या कडेला जाऊन लोंबतो.

कीड फार नसते. पानाच्या मागे नारिंगी-तपकिरी पावडरसारखे ठिपके दिसले तर तांबेरा, ती काडी बुडातून कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पानं फिक्कट आणि मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, नळाखाली धरून पानांची मागची बाजू जोरात धुवा, दोन-तीनदा केलं की जातो. खायचं झाड आहे, बाजारातलं फवारायचं औषध कशाला.

पायरी ४: किचनमध्ये

धुणं आधी. पुदिना जमिनीलगत वाढतो आणि आपण कच्चा खातो, त्यामुळे मातीबरोबर जे काही येतं ते थेट पोटात. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हलवा, पाच मिनिटं ठेवा, माती तळाशी बसते, मग पुदिना वरून उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर सगळी माती परत पानांवर. असं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत करायचं. पाणीपुरीच्या गाडीवर 'पुदिन्याने पचन होतं हो' म्हणून मनाला समजावणाऱ्यांनी लक्षात घ्या, दूषित पाण्यातून टायफॉईड आणि कावीळ पसरते आणि पुदिना त्यातलं काहीही मारत नाही.

चटणी काळी पडते ही सगळ्यांची तक्रार. पान चिरलं-वाटलं की त्यातलं एन्झाइम हवेशी मिळून रंग बदलतं आणि मिक्सर गरम झाला की अजून भर. म्हणून लिंबू शेवटी पिळायचं नाही, वाटतानाच घालायचं, दोन बर्फाचे खडे टाकायचे, आणि मिक्सर सलग न चालवता थांबून थांबून फिरवायचा. माझं प्रमाण असं, एक वाटी पुदिना, दीड ते दोन वाट्या कोथिंबीर, दोन-तीन हिरव्या मिरच्या, आल्याचा छोटा तुकडा, दोन चमचे पंढरपुरी डाळं, जिरं, मीठ, अर्धं लिंबू आणि चिमूटभर साखर. नुसत्या पुदिन्याची चटणी कडवट लागते, कोथिंबीर हवीच, आणि पुदिन्याचे जाड देठ अजिबात नको, कडूपणाला तेही कारण. कोथिंबिरीचे कोवळे देठ मात्र खुशाल घ्या.

मठ्ठ्याला पुदिना वाटून नको, बारीक चिरून किंवा खलबत्त्यात आलं, जिरं, पादेलोणाबरोबर जरासा ठेचून. ताक आंबट नसावं. लग्नातल्या मठ्ठ्यात वाटलेला हिरवागार पुदिना असतो तो मला आवडत नाही, ताकाची चव मरते, पण हे ज्याचं त्याचं.

आता चहा, आणि इथे बहुतेक जण पानं पाण्यात टाकून पाच-दहा मिनिटं खळाखळा उकळतात. घरभर जो सुंदर वास सुटतो ना तो म्हणजे तुमच्या कपातून निघून गेलेलं तेल. आठ-दहा ताजी पानं तळहातांमध्ये ठेवून एकदा टाळी वाजवा म्हणजे वरच्या ग्रंथी फुटतात, कपात टाका, उकळून गॅसवरून उतरवलेलं पाणी ओता आणि वर बशी झाका. झाकण महत्त्वाचं. पाच ते सात मिनिटांनी बशी उचला, तिच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत कपात झटका आणि गाळून प्या. वाळलेली पानं असतील तर एक चहाचा चमचा पुरे.

साठवायचं असेल तर जुडीचा दोरा आधी सोडा, आतली सडकी पानं काढा, काड्या पेल्यातल्या पाण्यात उभ्या ठेवून वर सैल पिशवी घाला नाहीतर न धुता सुती कापडात गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये. धुऊन ओला ठेवलेला पुदिना दोन दिवसांत चिखल होतो. जास्त असेल तर सावलीत पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. पानं मुठीत चुरली की कुरकुरली पाहिजेत, मगच बरणीत, आणि अख्खीच भरा, चुरा वापरताना करा.

पायरी ५: तब्येतीला नक्की काय होतं

पहिल्यांदा ते 'थंड' प्रकरण. मेंथॉलने काहीही थंड होत नाही, तापमान तेवढंच राहतं. आपल्या त्वचेत आणि तोंडात थंडी ओळखणारे रिसेप्टर असतात, टीआरपीएम८ नावाचे, मेंथॉल जाऊन तेच चालू करतं आणि मेंदूला वाटतं गार लागलं. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोघांनी वेगवेगळं काम करून, मेंथॉल वापरूनच, हा रिसेप्टर शोधला, आणि तापमान व स्पर्श कळतो कसा या एकूण कामासाठी त्यांना २०२१ चं वैद्यकातलं नोबेल मिळालं. हे कळलं की सर्दीचं कोडं सुटतं. मेंथॉलची वाफ घेतली की नाक एकदम मोकळं वाटतं, पण मोजून बघितलं तर हवा जायची वाट जवळपास तेवढीच असते. बरं वाटतं ते खरं, झोप लागायला तेवढं पुरतंही, फक्त चोंदलेलं नाक त्याने उघडत नाही. आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलांना टॉवेलखाली बसवू नका, त्यात भाजण्याचा धोका आहे आणि मिळकत फारशी नाही.

पोटाचं मात्र खरं आहे, पण ते पेपरमिंट तेलाचं. आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरलं की ते आखडतात, पेपरमिंट तेल हा मार्ग अडवतं आणि स्नायू सैल पडतात, मुरडा कमी होतो. आयबीएसच्या रुग्णांसाठी, म्हणजे ज्यांना तपासण्या नॉर्मल येऊन वारंवार पोट दुखतं, फुगतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पेपरमिंट सुचवलंय, पुरावा फार भक्कम नाही हेही तिथेच लिहून. नेदरलँड्समध्ये २०२० मध्ये सुमारे १९० रुग्णांवर आठ आठवडे प्रयोग झाला त्यात ठरवलेल्या मुख्य कसोटीवर पेपरमिंट आणि खोट्या कॅप्सूलमध्ये ठळक फरक दिसला नाही, दुखण्याच्या इतर काही मापांवर मात्र फायदा दिसला. म्हणजे करून बघण्यासारखं, रामबाण नाही.

यात कॅप्सूलचं वेष्टण महत्त्वाचं. तेल जठरात फुटलं तर तिथले आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे स्नायूही सैल पडतात, आम्ल वर येतं आणि छातीत जळजळ सुरू. म्हणून जठरात न विरघळता आतड्यात उघडणाऱ्या कॅप्सूल येतात, त्या जेवणाआधी अर्धा-एक तास, अख्ख्या गिळायच्या, चावायच्या नाहीत, आणि अँटासिडबरोबर घ्यायच्या नाहीत कारण अँटासिडने ते वेष्टण लवकर विरघळतं. सुरू करायच्या आधी डॉक्टरांशी बोला. आपल्याकडे 'ॲसिडिटी झाली की पुदिना घे' म्हणतात ते यामुळे उलटू शकतं. साधं अजीर्ण, गॅस, जड वाटणं असेल तर पुदिन्याचा चहा जरूर घ्या, पण घशाशी आंबट येत असेल तर नको.

पीसीओएस (बायकांमधला अंडाशय आणि संप्रेरकांचा बिघाड) आणि नको तिथले केस, यावर मात्र अभ्यास आपल्याच पुदिन्याचा, स्पिअरमिंटचा आहे. सुरुवात तुर्कस्तानातून, इस्पार्ता भागात पुदिन्याचा चहा पिऊन पुरुषांनी कामेच्छा कमी झाल्याची तक्रार केली, तिथल्या डॉक्टरांनी ती गांभीर्याने घेतली, आधी उंदरांवर आणि मग २००७ मध्ये २१ बायकांवर पाच दिवस चहा देऊन बघितलं, पुरुषी संप्रेरकाची पातळी खाली आली. पुढे ब्रिटनमध्ये ४२ जणींवर ३० दिवस, दिवसातून दोनदा चहा, पातळी खाली आली, बायकांना स्वतःला फरक वाटला, पण डॉक्टरांच्या मोजणीत केस कमी झालेले दिसले नाहीत. महिन्याभरात केसांचं चक्र बदलत नाही हेही एक कारण असेल. दोन कप चहाने बिघडत काही नाही, मात्र त्यापायी चालू गोळ्या सोडू नका.

डोकेदुखीवर जर्मनीत कील शहरात १९९६ मध्ये झालेला प्रयोग चांगला आहे. ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत १० टक्के पेपरमिंट तेल अल्कोहोलमध्ये मिसळून कपाळाला आणि कानशिलांना लावलं, आराम पॅरासिटामॉलच्या १००० मिलिग्रॅमच्या तोडीचा मिळाला. निव्वळ तेल लावू नका, भाजल्यासारखं होतं, आणि डोळ्यांपासून लांब.

लसणाच्या वासावर कच्ची पानं चावणं खरंच चालतं, अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात सफरचंद, लेट्यूस आणि पुदिना यांची पानं-फोडी लसणाबरोबर खायला देऊन मोजलं तर श्वासातले गंधकाचे वास उतरले. फक्त झाकले जात नाहीत, कमीच होतात.

पुदिन्यात भरपूर लोह असतं असं म्हणतात. पानात असेल हो, पण चमचाभर चटणीत किती पानं असतात? उलट जेवणाबरोबर पुदिन्याचा चहा प्यायला तर त्यातली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं लोह अडवतात, १९९९ च्या एका अभ्यासात पावाबरोबर पेपरमिंट चहा दिला तर लोहाचं शोषण ८४ टक्क्यांनी घटलं होतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर हा चहा जेवणानंतर दीड-दोन तासांनी. वजन आणि चेहऱ्याचं सोडून द्या, त्यात दम नाही. वाटलेला पुदिना तोंडाला लावून आग होणाऱ्यांची संख्या मात्र कमी नसावी.

पायरी ६: कोणी लांब राहायचं

जेवणातला पुदिना जवळजवळ सगळ्यांना चालतो, गरोदर बाईलाही चटणी-मठ्ठ्याएवढा. पुढचं सगळं तेल, कॅप्सूल, बाम आणि मेंथॉलबद्दल आहे. तान्ह्या बाळाच्या आणि दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाशी, चेहऱ्याशी, छातीवर मेंथॉल-कापराचा बाम अजिबात नको, श्वास अडकू शकतो. सर्दी झालेल्या बाळाला सलाईनचे थेंब आणि अंगावरचं दूध. ज्यांना आम्लाचा जुना त्रास आहे, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे, पित्ताशयात खडे आहेत किंवा पित्ताची नळी अडलेली आहे त्यांनी पेपरमिंट तेल टाळायचं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना तेलाच्या कॅप्सूल नकोत. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाच्या सवयी बदलल्या, शौचातून रक्त गेलं, वजन आपोआप उतरलं, तर पुदिना करत बसू नका, आधी तपासणी.

आणि पेनीरॉयल नावाचा एक पुदिना आहे, मेंथा पुलेजियम, त्याच्या तेलातल्या पुलेगोन या विषारी रसायनाने यकृत निकामी होऊन माणसं गेलेली आहेत. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांनी जास्त लक्ष ठेवा, तिथे तो रानात उगवतो आणि हर्बल दुकानांत दिसतो, नाव आणि वास पुदिन्याचा असला तरी पोटात जाऊ देऊ नका.

पायरी ७: बाटली घेताना

लेबलवर शास्त्रीय नाव शोधा. मेंथा पायपेरिटा असेल तर ते पेपरमिंट, मेंथा आर्व्हेन्सिस असेल तर जपानी पुदिना, मेंथा स्पिकाटा असेल तर आपला. आर्व्हेन्सिसचं तेल पुष्कळ स्वस्त असतं आणि त्यावर 'मिंट ऑईल' किंवा कधी 'पेपरमिंट' असंही छापलेलं दिसतं, वासावरून घरी फरक कळणं अवघड. आयबीएससाठीचे बहुतेक अभ्यास पायपेरिटाच्या वेष्टणवाल्या कॅप्सूलचे आहेत, त्यामुळे त्यासाठी घेत असाल तर औषधाच्या दुकानातून, वेष्टणाचा उल्लेख असलेलीच घ्या. अरोमाथेरपीची छोटी बाटली आणून कोमट पाण्यात थेंब टाकून पिणं हा त्याला पर्याय नाही, तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि पहिल्याच घोटाला सगळं तोंडात-घशात येऊन पोळतं. नुसतं 'पुदिना तेल' लिहिलंय, खाली कुठलंच नाव नाही, किती टक्के तेही नाही, अशी बाटली मी तरी कपाळाला लावायलासुद्धा घेणार नाही.